कंडक्टर मामाजी आणि सरकारमान्य विसावा

परिपत्रक चांगलं जाडजूड होतं, आणि म्हातारं कोणाला म्हणायचं हे त्यात पहिल्याच पानावर सांगितलेलं होतं. फुलसावंगीत हा प्रश्न आजवर कुणाला पडलेला नव्हता. जो बसल्याजागी दुसऱ्याच्या कामात खोड काढतो तो म्हातारा, अशी गावाची साधी समजूत होती. आणि त्या हिशेबानं प्रेमसिंग नाईकांचा मुलगा जीवन तिशीतच म्हातारा ठरला असता.

दीपमालेनं ते परिपत्रक चुलीपाशी उभ्याउभ्या वाचलं. दूध उतू गेलं. तिनं ते पुसलं नाही. कडेवरची सोनू त्या दुधाकडे बोट दाखवून "गेलं, गेलं" म्हणत होती आणि तिची आई "आलं, आलं!" म्हणून नाचत होती. सरकार म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र काढायला पैसे देणार होतं. सकाळी दहाला आणून सोडायचं, पाचला घरी न्यायचं. मधे चहा, जेवण, विश्रांती आणि करमणूक. म्हणजे अंगणवाडीच की! आणि अंगणवाडी दीपमाला स्वतः चालवत होती. शेंबूड पुसणं, खिचडी वाटणं आणि "मॅडम, यानं मारलं" हे ऐकून घेणं, या तिन्ही गोष्टींचा तिला दांडगा अनुभव होता.

"पोराईले अंगणवाडी हाये तं म्हाताऱ्याईले काहून नाही, असं मी म्हणत होती न?" ती प्रफुल्लला म्हणाली.

"कधी म्हटलं?"

"मनात."

नवऱ्याची जात मनातलं ऐकत नाही, हे सोडून द्या.

तर हे सगळं चाललं होतं मामाजींसाठी. मामाजी म्हणजे तिचे सासरे, मारोती कंडक्टर. सगळी नोकरी एसटीत गेली. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण मामाजींची आठवण हल्ली एसटीसारखीच झाली होती. येईल तेव्हा येईल. सकाळी खाकी शर्ट चढवून ते स्टँडवर जात, पहिली लागेल त्या गाडीत चढत आणि तिकिटं विचारू लागत. नवे कंडक्टर बिचारे भले. "काका, तुम्ही मागचं पाहा, मी पुढचं पाहातो," म्हणून अर्धी गाडी त्यांना वाटून देत. मग प्रफुल्लनं कृषी केंद्राच्या मालकाची बोलणी खाऊन मोटरसायकल काढायची आणि वडलांना दिग्रसहून आणायचं, पुसदहून आणायचं. एकदा तर उमरखेडहून आणले. तिथं त्यांनी एका आमदाराच्या माणसाला बिनातिकिटाचा म्हणून खाली उतरवलं होतं. गावाला त्याचं कौतुक वाटलं. प्रफुल्लला वाटलं नाही.

आणि नागपूरहून धाकट्या दिराचा, संघदीपचा फोन आला होता. "वहिनी, एक दिवस बाबा गाडीखाली येतील. मी वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली आहे. महिनाअखेरीला न्यायला येतो."

"आणि आपलं केंद्र मंजूर झालं तं?"

"मंजूर झालं तर राहू दे. पण सरकारचं काम आहे, वहिनी."

फोन ठेवला तेव्हा मामाजी ओट्यावर सोनूला मांडीच्या घोड्यावर घेऊन बसले होते, आणि तिच्याकडून चॉकलेटचा कागद तिकीट म्हणून घेऊन तो निरखून पाहत होते. दीपमालेला बायको झाल्याचं, सून झाल्याचं, आई झाल्याचंसुद्धा इतकं स्फुरण कधी चढलं नव्हतं. केंद्र होणार म्हणजे होणार!

पहिली अट होती, "हवेशीर इमारत." गावात समाजमंदिर होतं, हवेशीरही होतं, पण त्यात पायापासून पत्र्यापर्यंत प्रेमसिंग नाईकांचा कापूस भरलेला होता. त्या सालांत कापूस घरात आणि माणसं ओट्यावर, अशीच सगळीकडे रीत झाली होती. भाव नाही, खरेदी सुरू नाही. लोक पांढऱ्या ढिगाकडे पाहात जेवत आणि पांढऱ्या ढिगाशेजारी झोपत.

दीपमाला बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेली. "नाईक काका, कापूस हलवा."

"हलवतो न, पोरी. भाव आला का लगेच हलवतो."

"भाव कधी येते?"

"ते तुह्या परिपत्रकात नाही काय?"

शेवटी तह झाला. अर्ध्या खोलीतला कापूस उरलेल्या अर्ध्या खोलीत दाबायचा, वर सतरंज्या टाकायच्या, आणि अट क्रमांक अमुक, "विश्रांतीसाठी मऊ व्यवस्था," ही त्यावर भागवायची. कापसावर नजर राहावी म्हणून नाईक स्वतःच लाभार्थी झाले. नाईकांनी नाव दिलं म्हटल्यावर तांड्यातल्या धनीबाईनं दिलं. धनीबाईला सगळा गाव 'धनीयाडी' म्हणत असे, कारण याडी म्हणजे आई, आणि गावातल्या निम्म्या लोकांना तिनंच जन्मताना पाहिलं होतं. ते ती प्रत्येकाला चारचौघांत सांगतही असे.

शेजारची नलू तेवढी विरोधात होती.

"दीपमाला, चार म्हातारे एका जागी बसले का एक सोयरीक मोडते, माहीत हाये न तुले? तू तं पंचवीस बसवून राह्यली!"

"वैनी, तुम्ही सैपाकाले याल काय? मानधन हाये."

नलूनं पदर खोचला. "तसं पाह्यलं तं सोयरिका अशाबी मोडतेतच," ती म्हणाली आणि कामाला लागली. त्यानंतर ती रोज सल्ले देऊ लागली. पण आता ते आतून येत होते.

दुसरी अट उताराची. पायरीऐवजी उतार पाहिजे, म्हणजे ज्यांचे पाय थकलेत त्यांना चढता यावं. किती लांबीला किती उंची, याचं गणित परिपत्रकात होतं. फुलचंद मिस्त्रीनं ते गणित ऐकलं, मान डोलावली आणि सिमेंट वाचवून काम केलं.

"फुलचंदभाऊ, हे उभं नाही झालं काय जरासं?"

"उतार म्हणजे उतार, ताई. आता याले झोपवून ठेवू काय?"

उतारावर पहिल्या दिवशी बकऱ्या चढल्या. दुसऱ्या दिवसापासून गावची पोरं घसरू लागली. सोनूनं तर जेवणच सोडलं, तिला तिथून उचलून आणावी लागे. म्हातारे मात्र बाजूच्या जुन्या पायऱ्यांवरून टकटक चढून जात आणि वरून उताराकडे कौतुकानं पाहत. "सरकारनं पोराईसाठी बी काही केलं म्हणा," असं नाईक म्हणाले.

तिसरी अट खुर्चीच्या संडासाची. ते भांडं प्रफुल्लनं दिग्रसहून मोटरसायकलवर मांडीशी धरून आणलं. वाटेत भेटलेल्या प्रत्येक एसटीनं हॉर्न दिला. मारोती कंडक्टरचा पोरगा म्हणून त्याला सगळे ओळखत होते. संडास बांधून व्हायचा होता, म्हणून भांडं तात्पुरतं खोलीत ठेवलं. दीपमाला अंगणवाडी आटोपून येते तो धनीयाडी त्यावर ऐसपैस बसलेली.

"लय बरं वाटलं, पोरी. एवढ्या जन्मात पह्यल्यांदा कोणी खुर्ची देल्ली."

ती खुर्ची कशाची हे नलूनं कानात सांगितलं. धनीयाडीनं ऐकलं, पण ती उठली नाही.

"मंग तं अजूनच बरं," ती म्हणाली. "दोन कामं."

पुढे भांडं बसवलं, फरशी लागली, पांढरंशुभ्र दिसायला लागलं. इतकं देखणं दिसायला लागलं की नाईकांनी दाराला कडी घालून फर्मान काढलं, तपासणी होईपर्यंत कोणी वापरायचं नाही. दीपमालेलाही ते पटलं. अंगणवाडीत नवी खेळणी ती स्वतः अशीच कपाटात ठेवत असे.

सगळं जमलं. जमले नाहीत ते एकटे मामाजी. ज्यांच्यासाठी एवढी यात्रा, ते खोलीत येत, कापसावर दोन मिनिटं टेकत आणि खाकी शर्ट झटकून स्टँडकडे निघत. तीन दिवस दीपमाला त्यांच्यामागे धावली. चौथ्या दिवशी सोनूला कडेवर घेऊन धावताना तिला एकदम सुचलं, आणि ती रस्त्यातच इतक्या जोरात हसली की सोनू दचकली.

शाळेत मोडके बाक पडून होते. ते तिनं आणवले आणि समाजमंदिरात दोन रांगांत मांडले, मधे जायला वाट ठेवली. आढ्याला दोरी बांधून दोरीच्या टोकाला पितळेची घंटी अडकवली. म्हातारे बाकांवर बसवले. मग मामाजींना दारात आणून उभं केलं.

मामाजींनी पाहिलं. माणसं दाटीनं बसलेली, काही उगाच उभी, कोपऱ्यात कापसाचे गठ्ठे, म्हणजे सामान. त्यांचा हात आपोआप वर गेला. टण्!

"चला, चला, मधे गर्दी नका करू. आत सरका! वो बाई, गठुडं बाकाखाली!"

त्या दिवसापासून मामाजी स्टँडवर गेले नाहीत. दहा ते पाच त्यांची ड्युटी. खिडकीजवळच्या जागेसाठी नाईक आणि धनीयाडी भांडत, तर मामाजी तो न्याय करत. जेवणाची सुट्टी झाली की "गाडी वीस मिनिटं थांबेल" म्हणून सांगत. आणि दीपमालेनं परिपत्रकातली एक अट सगळ्यांना वाचून दाखवली होती, की लाभार्थ्याला नोंद केलेल्या नातेवाइकाच्याच ताब्यात द्यावं, एकट्याला सोडू नये. सकाळी आपण जेवलो की नाही हे विसरणाऱ्या मामाजींना ती अट मात्र चिकटली. थांबा आल्याशिवाय उतरायचं नाही. आणि ज्याचं माणूस दारात आलं, त्याचा थांबा आला. एसटीत इतकी शिस्त कधी नव्हती.

आता फक्त तपासणी राहिली होती. साहेब खूश होऊन गेले की मामाजी घरी राहणार. सोनूला झोपवताना दीपमाला अंगाईऐवजी अटीच म्हणत होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या सालांत शेतकऱ्यांचे हाल पाहायला गावात जीपगाड्या फार येत. दिल्लीची समिती, मुंबईची समिती, कधी टीव्हीवाले. उतरत, खाटेवर बसत, ज्याला त्याला विचारत, "तुमचं कोण आहे? तुम्हाला कोण पाहतं?" आणि गावाला कळून चुकलं होतं की या प्रश्नाला उत्तर एकच आहे. कोणी नाही म्हटलं की साहेब लिहून घेतात. सगळे आहेत म्हटलं की वही मिटतात आणि पुढच्या घरी जातात. पेन्शनच्या साहेबापुढेही तेच चालत असे. दीपमालेनं म्हाताऱ्यांना उताराचं, संडासाचं, घंटीचं सगळं पढवलं होतं. हे एवढं राहून गेलं.

तपासणीला गावंडे साहेब आले ते दुपार कलताना. परीटघडीचा पांढरा शर्ट, काखेत फाईल, बोलणं अगदी छापील. त्यांनी नियमाप्रमाणे उतारावरून चढायला सुरुवात केली आणि नियमाप्रमाणेच खाली आले. दुसऱ्या वेळी जीवननं मागून रेटा दिला.

"सदर उतार अधिक आहे," साहेब धापा टाकत म्हणाले.

"हो साहेब, थोडा जास्तच देल्ला," फुलचंद अभिमानानं म्हणाला.

संडासाची कडी उघडली. "याचा वापर झालेला दिसत नाही."

"तुमच्यासाठी ठेवला, साहेब," नाईक म्हणाले. "तुम्हीच उद्घाटन करा."

साहेबांनी नको म्हटलं. दीपमालेनं त्यांना कापसाच्या मऊ सतरंजीवर बसवलं, नलूनं चहा दिला आणि लाभार्थ्यांची विचारपूस सुरू झाली. पहिले नाईक.

"आजोबा, तुमचं घरी कोण आहे? कोण पाहतं तुम्हाला?"

प्रश्न कानावर पडायची खोटी. नाईकांचे खांदे पडले, मान झुकली, डोळे पत्र्याकडे लागले. "कोणी नाही साहेब. वरती आभाळ, खालती धरती."

दारात त्यांचा सख्खा मुलगा जीवन उभा होता. तोही सवयीनं दोन पावलं मागे सरला. साहेब लोकांपुढे अशा वेळी बाजूला व्हायचं असतं, हे त्याला माहीत होतं. दीपमाला साहेबांच्या पाठीमागून हात हलवू लागली, डोळे मोठे करू लागली. धनीयाडीला वाटलं, पोरगी म्हणते आहे, अजून जोरात. तिनं पदर डोळ्याला लावला आणि अशी काही सुरुवात केली की नलूलासुद्धा, जिला सगळं माहीत होतं, हुंदका आवरेना.

"पोटचे गेले, पाठचे गेले, साहेब. म्या म्हातारीनं जगावं कायले?"

तिचे चार मुलगे आणि चार सुना तेव्हा कापूस वेचायला गेले होते, एवढंच त्यांचं जाणं. पण ड्युटीवरचे मामाजी सोडले तर सगळेच लाभार्थी एकामागून एक निराधार झाले. एका आजोबांनी तर स्वतःची बायको, जी शेजारी बसली होती, ती वारल्याचं सांगितलं. बायकोनं मान हलवून दुजोरा दिला.

गावंडे साहेबांनी चष्मा पुसला. नाक पुसलं. आणि फाईल मिटली.

"बाई, तुमची तळमळ दिसते. पण ही योजना घरी कुटुंब असलेल्या वृद्धांसाठी आहे. दिवसा सांभाळायचं, संध्याकाळी घरी पाठवायचं. यांना घरच नाही. केंद्र नामंजूर करून या सर्वांना वृद्धाश्रमात हलवण्याची मी आजच शिफारस करतो."

दीपमालेच्या पायाखालची जमीन फुलचंदनं बांधलेल्या उतारासारखी झाली. नामंजूर. म्हणजे संघदीपची गाडी. म्हणजे मामाजी.

"साहेब, यांना सगळे हायेत हो! हे सगळे खोटं—"

"बाई, केंद्रासाठी निराधारांना खोटं पाडू नका."

तिकडे बाकांवर खळबळ उडाली. "हलवते? आमाले? कुठं?" धनीयाडी उठून उभी राहिली. "साहेब, तसा एक पोरगा हाये मले. दोन धरा. चार हायेत, साहेब, चार!"

"घाबरू नका आजी," साहेब मायेनं म्हणाले. "तिथं तुम्हाला कोणी त्रास देणार नाही." आणि ते जायला निघाले.

दारात मामाजी उभे होते.

"कुठं?"

"यवतमाळ."

"उतरता येत नाही. थांबा नाही आला."

"मी तपासणी अधिकारी आहे."

"पास हाये? नाही न? मंग बसा. न्यायले तुमचं माणूस आलं का सोडतो." मामाजींनी दोरी धरली. "नियम हाये, साहेब. एकट्याले सोडायचं नाही."

ही अट साहेबांच्याच परिपत्रकातली होती. त्यांनी खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली, पण जीवननं त्याला चहाला नेलं होतं. मामाजींना ढकलून जावं, तर त्यांच्या डोळ्यांत पंचवीस वर्षांच्या ड्युटीचा दरारा. साहेब बाकावर बसले. आणि मग त्यांना खाज सुटली. वर्षभर जुन्या कापसात किडे होतातच. गावाला सवय झाली होती, परीटघडीच्या शर्टाला नव्हती. साहेबांनी आधी मनगट खाजवलं, मग मान, मग फाईलचा कोपरा पाठीत घातला. जसजशी खाज चढली तसतशी छापील भाषा उतरली.

"अहो काका, मला जाऊ द्या... काका, सोडा न... अरे बाप्पा, मले कायले अडवून राह्यले तुम्ही!"

"आपल्याच कडचा हाये हा!" नाईकांना आनंद झाला. धनीयाडीनं कनवटीची तेलाची शिशी काढली आणि साहेबांची बाही वर केली. "रडू नको. मलेबी सुरवातीले असंच झालतं."

पाच वाजता शेतातून माणसं परतू लागली. डोक्यावर कापसाची गाठोडी, अंगाला पाचोळा. एकेक जण दारात थांबू लागला. टण्!

"प्रेमसिंग नाईक! थांबा आला!"

"बा, चाल," जीवन म्हणाला. वरती आभाळ असलेल्या बापानं साहेबाकडे न पाहता मुलाचा हात धरला. शेजारी वारलेली बायको उठली आणि नवऱ्याची काठी घेऊन पुढे झाली. त्यांची सून खाली दोघांच्या चपला सरळ करत होती. कुणाला नात न्यायला आली, कुणाला जावई. आणि मग धनीयाडीच्या सुना आल्या. चारही.

"काल तू नेलतीस. आज माही पाळी हाये!"

"तुही कायची पाळी? माहं लेकरू याडीबिगर जेवत नाही!"

"मले विचारलं काय तुम्ही?" धनीयाडी गरजली. "मी आज धाकटीकडं जातो. तिच्या घरी मटण हाये."

साहेब खाजवायचे थांबले. "आजी, या कोण?"

"कोणी नाही, साहेब," धनीयाडी सवयीनं म्हणाली, "सुनाच हायेत."

मग तिनं जीभ चावली. सुना जाग्यावर थिजल्या. दीपमालेनं सोनूला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. आणि गावंडे साहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग बाकावर मागे रेलून, एका हातानं पाठ खाजवत असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि यावेळी त्यांनी चष्मा पुसला नाही. फाईल उघडून मांडीवर घेतली.

"उतार झोपवा. संडास उघडा. कापूस हलवा, आजच्या आज हलवा! आणि ते नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं कलम..." त्यांनी मामाजींकडे पाहिलं. "मी एवढी केंद्रं तपासली, हे पाळलेलं आजच पाहून राह्यलो. मंजूर."

दीपमालेला ओरडायचं होतं, नाचायचं होतं, संघदीपला आत्ताच्या आत्ता फोन लावायचा होता, पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "वैनी, साहेबाले अजून च्या द्या."

खोली रिकामी झाली. बाकावर एकटे साहेब उरले.

"तुम्हाले कोण नेते?" मामाजींनी विचारलं.

गावंडे साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"ते आपलेच हायेत, मामाजी," दीपमाला पुढे झाली. "मी आली न त्याईले न्यायले. सोडा."

मामाजींनी तिला नीट न्याहाळलं, मान हलवली आणि वाट दिली. साहेब पायरी उतरले, उताराकडे एक नजर टाकून जीपकडे निघाले, आणि मधेच वळले.

"आणि काका, तुम्हाला न्यायले कोण येते?"

दिवाळीपासून मामाजींना दीपमालेचं नाव आठवलेलं नव्हतं. कधी ते तिला 'ताई' म्हणत, कधी 'बाई, सुटे द्या'. मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, कडेवरच्या सोनूकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग हात लांब करून सोनूला आपल्याकडे घेतलं.

"नाव सुचून नाही राह्यलं, साहेब," ते म्हणाले. "पण माहा थांबा हाच हाये."

आणि त्यांनी डबल बेल दिली.